घरी गाडी धुवायला काय काय घेऊ? पाणी बोअरचं, गाव जळगाव

निळी_गाडी_जळगाव

राम राम मंडळी. दसऱ्याला गाडी घेतली, घरातली पहिलीच, गडद निळी. सगळे म्हणत होते पांढरी घे, आपल्याकडे धूळ किती, पण मला निळीच आवडली. सहा महिने कॉलनीत येणाऱ्या एका पोराकडून रोज पुसून घेत होतो. परवा रात्री रस्त्यावरच्या दिव्याखाली उभी होती, सहज बोनेटकडे पाह्यलं तं कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेषा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पोटात कालवलं एकदम. त्या पोराला बोल लावत नाही मी, एका बादलीत अन एका फडक्यात त्याला अकरा गाड्या पुसायच्या असतात, आठाच्या आत.

तं आता ठरवलंय, रविवारी स्वतःच धुवायची. दुकानात गेलो तं शाम्पूच्याच पंधरा बाटल्या, त्यात फोम, वॅक्स, पॉलिश, काय घ्यावं काही कळेना, तसाच परत आलो. शाम्पू कोणता घेऊ, प्रेशर वॉशर लागतोच का, अन कापड कसलं? पाणी बोअरचं आहे, गाडी वाळली की काचेवर अन दारांवर पांढरे ठिपके राहतात. शेत धरणगावकडे, शेवटचा दोन किलोमीटर रस्ता मातीचा. बजेट दोन-अडीच हजार. आखाजीला बहिणी माहेरी येणार आहेत, त्याच्या आत गाडी नीट दिसावी एवढीच इच्छा.

धुळे_एमएच१८

भाऊ, आधी एक गोष्ट मनातून काढा की शाम्पूनं गाडी चमकते. शाम्पूचं काम फक्त माती सुटी करून घसरवायचं. त्या रेषा पडल्या कोरड्या धुळीवर फडका फिरवल्यामुळे. आपल्याकडची धूळ म्हणजे काळी माती अन बारीक रेती, फडक्याखाली आली की पॉलिश पेपरच. म्हणून पैसे आधी कापडावर अन बादल्यांवर घाला, शाम्पू शेवटी.

मी काय वापरतो ते सांगतो. दोन बादल्या, वीस-वीस लिटरच्या, एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. हाताला घालायचा मायक्रोफायबरचा मिट मिळतो, त्याचे केस लांब असतात, माती केसांत ओढली जाते, रंगावर घासली जात नाही. स्पंज नको, त्याचा पृष्ठभाग सपाट, खडा अडकला की तोच गाडीभर फिरतो. एक दार धुतलं की मिट आधी साध्या पाण्यात खळबळायचा, पिळायचा, मगच शाम्पूत बुडवायचा. बादलीच्या तळाला घालायची जाळी मिळते, खाली बसलेली माती परत वर येत नाही तिच्यामुळे. मी पहिलं वर्षभर भाजीची प्लास्टिकची चाळणी उलटी टाकून काम चालवलं, मस्त चालतं. धुऊन झाल्यावर त्या बादलीचा तळ पाहा, किती चिखल बसलेला असतो ते, मग दुसरी बादली काबरं लागते ते कोणी सांगायची गरज राहणार नाही.

अन मिट लावायच्या आधी गाडी नुसत्या पाण्यानं चांगली भिजवून सोडायची, पाच मिनिटं. अर्धं काम तिथंच होतं. वरून खाली यायचं, टप, काचा, बोनेट, मग दारं, सगळ्यात शेवटी खालचा पत्रा. चाकांचा फडका अन बादली वेगळीच, ब्रेकची धूळ लोखंडी असते, ती रंगावर गेली की संपलं.

शाम्पू पीएच न्यूट्रल (म्हणजे ना आम्लधर्मी ना अल्कधर्मी) लिहिलेला कोणताही घ्या, थ्रीएम, टर्टल वॅक्स, वेव्हेक्स, सगळे चालतात. पुसायला एक मोठा जाड मायक्रोफायबर टॉवेल, ८०० जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम, म्हणजे कापडाचा जाडपणा) वरचा, आतल्या कामाला ३००-३५० चे तीन-चार. प्रेशर वॉशर आत्ताच घेऊ नका, नळीला पितळी नोझल लावा, पुरतं.

जुना_ड्रायव्हर_एरंडोल

मला हे काही पटत नाही भाऊ. मी तीस वर्षं गाडी चालवली, आधी जीप मग अॅम्बॅसडर, कपड्याच्या पावडरीचं पाणी अन जुनी बनियन, एवढ्यावर गाडी धुतली. कधी रंग गेला नाही. गाडीची माया असली की गाडी टिकते. नवीन पोरं उगाच पैसे घालतात असं वाटतं मला, राग मानू नका.

पेंट_बूथ_अमळनेर

राग कसला अप्पा, तुमच्या हातून गाडी तीस वर्षं टिकली म्हणजे तुम्ही ती जपलीच आहे. पण रंगात फरक पडलाय, ते मी रोज हातानं करतो म्हणून सांगतो. तुमच्या जुन्या गाड्यांवर एकरंगी जाड रंग असायचा, फिका पडला की पॉलिश मारलं, वरचा थर निघाला, खालून तोच रंग परत वर. आताच्या गाडीवर रंगाचा थर अगदी पातळ अन त्याच्यावर पारदर्शक क्लिअर कोट, तो साधारण ४० ते ५० मायक्रॉन. डोक्याचा केस ७० च्या आसपास धरा. म्हणजे केसापेक्षा पातळ वस्तूवर ही सगळी चमक उभी आहे. रेषा पडतात त्या ह्या थरावर, अन आमच्याकडे गाडी पॉलिशला आली की आम्ही हाच थर थोडा घासून रेषा पुसतो. दोन-तीनदा ठीक, दरवर्षी करायला लागलात तर क्लिअर कोट उरतच नाही, मग बोनेट पांढरं पडून पापुद्रे सुटतात. अशा गाड्या माझ्याकडे येतात तेव्हा वाईट वाटतं, कारण मग पूर्ण रंग मारण्याशिवाय इलाज नसतो.

कपड्याच्या पावडरीचं म्हणाल तर ती अल्कधर्मी असते, तेला-तुपाचे डाग काढायलाच बनवलेली. गाडीवरचं वॅक्स उतरवते, दाराची रबरं कोरडी करते. भांड्यांचं लिक्विडही वॅक्स उतरवतं. नवीन वॅक्स लावायच्या आधी जुनं काढायला एखाद वेळ चालेल, दर रविवारी नको.

निळी गाडीवाले भाऊ, आत्ता पडलेल्या रेषा धुण्यानं जाणार नाहीत. आधी धुण्याची पद्धत बदला अन त्यानंतर एकदा चांगल्या माणसाकडून पॉलिश करून घ्या, उलट क्रमानं केलंत तर पैसे वाया. आणि रॉकेलनं डांबराचे डाग काढायचं कोणी सांगेल, ते नको, टार रिमूव्हर मिळतो, फडक्यावर घेऊन डागावर मिनिटभर धरायचा, मग पुसून धुऊन टाकायचं.

दीपनगर_शेजारी

भुसावळहून बोलतो. आमचं दुखणं वेगळं, औष्णिक केंद्र जवळ, सकाळी गाडीवर राखेचा पातळ थर, हिवाळ्यात दव पडलं की ती चिकटूनच बसते. ह्या राखेत सिलिका अन अॅल्युमिना, डोळ्याला पिठासारखी दिसते पण काच खाते. मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना हात जोडून सांगतो, सकाळी वायपर कोरडा फिरवू नका, आधी मगभर पाणी ओता. माझी जुनी काच अशीच गेली, रात्री समोरून लाइट आला की पूर्ण काच फाकायची, बदलावी लागली.

दुसरं म्हणजे पाणी. नळाला रोज पाणी येत नाही आमच्याकडे, घरात प्यायचं पाणी मोजून अन मी अंगणात नळी सोडून गाडी धुऊ हे मनाला पटत नाही, आई पण बोलते. म्हणून मी रिन्सलेस वॉश वापरतो, म्हणजे नंतर पाणी मारून धुवावं न लागणारं लिक्विड. बाटली महाग वाटते पण एका बादलीला झाकणभर लागतं, प्रमाण बाटलीवर असतं, काहींचं एक भाग लिक्विडला २५६ भाग पाणी असं आहे. त्याचं पाणी आधी स्प्रेनं मारून माती भिजवायची, मग सहा-सात मायक्रोफायबर त्याच बादलीत बुडवून ठेवायचे, एकेक काढून एकेक भाग पुसायचा, मळलेलं कापड बादलीत परत टाकायचं नाही. आठ-दहा लिटरमध्ये पूर्ण गाडी. फक्त पावसाळ्यात चिखलानं थापलेली गाडी ह्यानं धुऊ नका, चिखल आधी पाण्यानंच उतरवावा लागतो, तेवढ्यापुरतं मी गाडी धुण्याच्या सेंटरला नेतो आणि तिथं सांगतो, फक्त पाणी मारा, फडका लावू नका.

केळी_पट्टा_सावदा

आमच्या भागात गाडीला केळीचा चीक लागतो, कोणाला अनुभव असेल तर सांगा. बागेतून घड गाडीतच टाकून आणले एकदा, डिकीच्या पत्र्यावर अन मागच्या सीटवर काळे डाग. पत्र्यावरचे गेले, शाम्पूच्या पाण्यात भिजवलेलं कापड दहा मिनिटं डागावर ठेवलं अन मऊ झाल्यावर अलगद उचलले. सीटचे काही गेले नाहीत. कपड्यावर चीक वाळला की जात नाही हे आपल्याला लहानपणापासून माहीत, तरी लक्षात राहत नाही. आता डिकीत जुनी ताडपत्री कायम अंथरलेली असते अन चीक दिसला की ओला असतानाच पाण्यानं पुसतो.

नंदुरबार_ताई

कापड धुण्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. चांगला मायक्रोफायबर आणाल आणि घरच्या धुण्यात टाकाल तर दोन धुण्यांत कामातून जातो, माझे पहिले चार असेच गेले. टॉवेल-बनियनचा सुती धागा त्याच्या केसांत अडकतो, मग काच पुसताना तुसं राहतात. वेगळे धुवा, साध्या लिक्विडमध्ये, कोमट पाण्यात, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, त्यानं केसांवर थर बसून कापड पाणीच शोषत नाही. सावलीत वाळवा, आपल्या उन्हात कडक होतात. रंग ठरवून ठेवा, माझ्याकडे पिवळा रंगासाठी, निळा काचेला, करडा चाकांना, त्यामुळे घरातल्या कोणीही हातात घेतला तरी चुकत नाही. कडेला कंपनीचं लेबल असतं ते कापा, त्यानंही चरे पडतात. आणि कापड जमिनीवर पडलं तर त्या दिवशी ते परत गाडीला लावायचं नाही, झटकून सुद्धा नाही.

निळी_गाडी_जळगाव

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. पाण्याच्या ठिपक्यांचं काय करू पण? आरओचं वाया जाणारं पाणी साठवून त्यानं शेवटी धुतलं तं चालेल का? ते पाणी फेकायला जीवावर येतं.

धुळे_एमएच१८

नाही भाऊ, तेच करू नका! आरओ चांगलं पाणी वेगळं काढतो अन सगळे क्षार त्या वाया जाणाऱ्या पाण्यात सोडतो, म्हणजे ते तुमच्या बोअरपेक्षाही जड. फरशी पुसायला वापरा. कूलरच्या जाळीवर मे महिन्यात पांढरा थर बसतो ना, तोच कॅल्शियम-मॅग्नेशियमचा क्षार गाडीवर बसतोय. पाणी उडून जातं, क्षार तिथंच राहतो. म्हणून डाग पडू न देणं हाच उपाय, म्हणजे पाणी गाडीवर वाळू द्यायचंच नाही. सकाळी सहाला सुरू करा किंवा दिवे लागणीला, ४४-४५ डिग्रीच्या दिवसांत आठनंतर पत्रा हात ठेववत नाही इतका तापतो, पाणी पडल्या पडल्या वाळतं. पूर्ण गाडीला एकदम शाम्पू लावू नका, एक बाजू धुवा, लगेच पाणी मारा, मग दुसरी. शेवटी नोझल काढून नळी नुसतीच टपावर धरा, पाणी चादरीसारखं ओघळतं अन थेंब कमी राहतात, मग मोठा टॉवेल पसरवून हलक्या हातानं ओढून घ्या, घासायचं नाही.

बसलेल्या ठिपक्यांना पांढरं व्हिनेगर अन पाणी निम्मंनिम्मं, सावलीत, गार पत्र्यावर, दोन-तीन मिनिटं ओलं कापड ठेवून लगेच शाम्पूनं धुऊन टाकायचं. जमलं तर एसीचं गळणारं पाणी स्वच्छ बादलीत साठवा, त्यात क्षार जवळजवळ नसतात, शेवटची बादली त्याची घ्या. आरशाच्या मागं अन नंबर प्लेटखाली पाणी लपून बसतं, दार उघडून तिथं पण पुसा. आणि धुतल्यावर गाडी तशीच उभी करू नका, एक चक्कर मारून चार-पाच वेळा ब्रेक दाबा, डिस्कवर रात्रीतून गंज धरतो.

निळी_गाडी_जळगाव

रविवारी धुतली. साडेपाचला उठलो, वडील पण आले मदतीला, त्यांनी नळी धरली, मी मिट. चाळणीच घातली बादलीत, खालचं पाणी पाहून वडील म्हणाले एवढी माती आपण इतके दिवस घासत होतो का रे. दोन बादल्या, मिट, जाड टॉवेल, चार छोटे कापड, शाम्पू अन पितळी नोझल, सगळं मिळून दोन हजाराच्या थोडं आतच बसलं. ठिपके व्हिनेगरनं दारांवरचे गेले, काचेवरचे थोडे राह्यलेत, ते पुढच्या रविवारी. पॉलिशला आखाजीनंतरचा दिवस घेतलाय.

त्या पोराला पण एक मिट अन दोन कापड दिले, कोरडं पुसू नको, आधी पाणी मार म्हणून सांगितलं. कॉलनीतल्या बाकीच्यांशी बोलून त्याला दुसरी बादली अन दिवसाआड वेळ देता येतो का ते पाहतोय, दोघांनी हो म्हटलंय.

पेंट_बूथ_अमळनेर

वा भाऊ. पॉलिशला द्याल तेव्हा आधी क्ले बार (चिकणमातीसारखी मऊ वडी) मारायला सांगा, बोटांना खरखर लागते ती त्यानं निघते, आणि थराची जाडी मोजायचं मीटर असेल त्याच्याकडेच द्या.