पाच इंची प्रीकट (आधीच कापून मिळणाऱ्या) चौकोनांच्या क्विल्टला कापड किती धरावं?

सुईदोरा
क्विल्टचा मधला भाग ५४ × ७२ इंच करायचा आहे, ५ इंची चौकोनांच्या पॅकमधून. एका पॅकमध्ये ४२ चौकोन. क्षेत्रफळाने भागलं तर १५६ चौकोन येतात, म्हणजे ४ पॅक पुरावेत ना? भोवती ४ इंची बॉर्डर आहे. बॉर्डर, अस्तर आणि गोट (कडा झाकणारी पट्टी) यांना किती कापड घेऊ? पन्हा (कापडाची रुंदी) ४२ इंच.

तिरकाटाका
४ पॅक पुरणार नाहीत. चारी बाजूंनी पाव इंच माया (शिवणीसाठी सोडलेली कड) शिवणीत जाते, त्यामुळे ५ इंची चौकोन शिवल्यावर साडेचार इंचच उरतो. क्षेत्रफळ सोडा, ओळी मोजा. ५४ ला १२ चौकोन, ७२ ला १६, एकूण १९२. म्हणजे ५ पॅक, १८ चौकोन शिल्लक. चारच पॅक हाताशी असतील तर १२ × १४ मांडा. १६८ चौकोन नेमके संपतात आणि माप ५४ × ६३ येतं, पण एकही चौकोन बिघडून चालणार नाही.

बॉर्डरच्या पट्ट्या साडेचार इंच रुंद कापा. उभ्या दोन ७२.५ इंचांच्या, आडव्या दोन ६२.५ च्या, मिळून २७० इंच. किनारी काढल्यावर पन्हा ४० च धरायचा. सरळ जोडाला ७ पट्ट्या पुरतात. तिरका जोड दर वेळी पट्टीच्या रुंदीइतकं कापड खातो, म्हणून त्याला ८ लागतात. ८ पट्ट्यांचे ३६ इंच होतात. १ मीटर घ्या.

चौकडी
बॉर्डरसह माप ६२ × ८०. अस्तर प्रत्येक बाजूला ४ इंच जास्त, म्हणजे ७० × ८८. मधोमध उभा जोड द्या: ८८ इंचांचे दोन तुकडे, १७६ इंच. आडव्या जोडाने ७० चे तीन तुकडे लागतात आणि कापड वाया जातं. १७६ इंच म्हणजे ४.४७ मीटर, पण दुकानातला काप सरळ असेलच असं नाही. पावणेपाच मीटर घ्या.

गोटाचा घेर २८४ इंच, कोपरे आणि शेवटचा जोड धरून २९५. अडीच इंची ८ पट्ट्या, म्हणजे २० इंच. अर्धा मीटर इथे थोडक्यात कमी पडतो, ६० सेंटिमीटर मागा.

सुईदोरा
निम्मे चौकोन साध्या कापडाचे घेऊन त्रिकोण केले तर?

तिरकाटाका
मग हिशोबच बदलतो. दोन चौकोन समोरासमोर ठेवून कर्णाच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर शिवा आणि मधून कापा, दोन तुकडे मिळतात. ते साडेचार इंचांवर छाटले की शिवल्यावर ४ इंच उरतात. तेच १२ × १६ आता ४८ × ६४ होतं. एका जोडीतून दोन तुकडे, म्हणून पॅकमधल्या छापील ९६ चौकोनांना ३ पॅक. साध्या कापडात एका पट्टीतून ८ चौकोन, म्हणजे १२ पट्ट्या, ६० इंच, सुमारे दीड मीटर. १.६ घ्या.

चौकडी
एक मात्र आधी बघा: पॅकमधले चौकोन नागमोडी कडेचे असतील तर त्यांचं ५ इंच माप टोकापासून टोकापर्यंत आहे की खाचेपासून खाचेपर्यंत. पट्टी ठेवून तपासा आणि सगळीकडे तीच रेषा धरा. १६ चौकोनांच्या ओळीत दर शिवणीला पाव इंचाच्या निम्मं जरी चुकलं तरी जवळजवळ २ इंचांचा फरक पडतो, आणि मग बॉर्डर बसत नाही. बॉर्डरच्या पट्ट्या अखेरच्या मापाला मधला भाग शिवून, इस्त्री करून, मोजल्यावरच कापा. प्रीकट चौकोन आधी धुऊ नका, दसे निघतात आणि माप आटतं.