अनुभव सांगा : भंडारदऱ्याला तंबूत काढलेली रात्र

रंधा धबधबा, छत्री धबधबा, रतनवाडीच्या वाटेवर पावसाळ्यात जागोजागी कोसळणारे ओहोळ. या सगळ्यांच्या आसपास, धरणाच्या जलाशयाकाठी तंबूत राहिलेल्यांसाठी हा धागा. कोणत्या दिवसांत गेलात, धबधब्याला पाणी होतं का, रात्र कशी गेली, ते मोकळेपणाने लिहा. सुरुवात मी करते.

आम्ही गौरी-गणपती उरकल्यावर सप्टेंबरात गेलो. धरण भरलं होतं, पाणी सोडलेलं होतं, त्यामुळे रंधा पूर्ण जोमात मिळाला. प्रवरा तिथे सुमारे १७० फूट खाली घळीत उडी घेते. कठड्यापाशी उभं राहिलं तरी शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. पावसाळा सरला की मात्र पाणी वीजनिर्मितीकडे वळतं आणि उरतो तो नुसता कातळ. छत्री धबधबा तर धरणाच्या पायथ्याशीच आहे. तिथला विसर्ग सुरू असेल तरच गोल खडकावरून पाण्याची छत्री उघडते. म्हणून निघण्याआधी शेंडी गावात कुणाला तरी फोन करून पाणी सुटलंय का ते विचाराच.

श्रीरामपूरकडची माहेरवाशीण

आमच्या घरात ‘आवर्तन (कालव्याला सोडलेली पाण्याची पाळी) कधी सुटणार’ यावर लग्नाच्या तारखासुद्धा ठरायच्या. भंडारदऱ्याचं पाणी निळवंडे धरणातून ओझर बंधाऱ्यावर येतं आणि तिथून कालव्यांनी आमच्याकडे. दादांनी (आम्ही वडिलांना दादा म्हणतो) आयुष्यभर या पाण्यावर ऊस भिजवला, पण धरण पाहिलं नव्हतं. यंदा त्यांना हट्टाने नेलं. १९२६ साली पूर्ण झालेली ती दगडी भिंत त्यांनी हात लावून पाहिली. रात्री तंबूत यायला तयारच नाहीत. बाहेर खुर्ची टाकून तंबूवाल्या मुलाला विचारत बसले, घाटघरला यंदा पाऊस किती झाला, रतनवाडीला किती झाला. तो मुलगाही न कंटाळता सांगत होता. मला झोप लागली तरी दोघांचं बोलणं चालूच होतं. सकाळी दादा म्हणाले, “पाण्याचं माहेर बघितलं.” आमच्या भागातल्या सगळ्यांनी आपल्या म्हाताऱ्यांना एकदा तरी इथे आणावं, असं मला फार वाटतं.

ठाण्याचे एक बाबा

आम्ही भर श्रावणात, दोन्ही मुलांना घेऊन. तंबूभोवती चर खणलेला होता, वर ताडपत्री होती, तरी मध्यरात्री वाऱ्याने पाऊस आडवा यायला लागला आणि खुंट्या ढिल्या झाल्या. तंबूवाले काका कंदील घेऊन स्वतः आले, मुलांना घोंगडीत गुंडाळून आपल्या घराच्या पडवीत घेऊन गेले. काकूंनी त्या वेळी चूल पेटवून चहा ठेवला. सकाळी नागलीची भाकरी आणि खुरासणीची (कारळ्याची) चटणी. मुलं गोठ्यातल्या वासरापासून हलेनात. पावसाळ्यात जाणार असाल तर ज्यांचं घर तंबूंच्या अगदी जवळ आहे अशांकडेच जा, बाकी सोयी नंतर बघा. घाटघरला नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात, आणि आम्ही राहिलो ते गाव तिथून लांब नाही.

नाशिकहून, काजव्यांसाठी जाणारी

मी धबधब्याच्या नाही, मेअखेरच्या भंडारदऱ्याबद्दल लिहिते. पहिल्या पावसाच्या आधी हिरडा, बेहडा, सादडा, जांभळीची झाडं काजव्यांनी भरतात. एक झाड लुकलुकतं, मग शेजारचं, आणि थोड्या वेळाने पूर्ण उतारच एका तालात उजळतो-विझतो. नर या उजेडाने मादीला खुणावतात. आपण गाडीचे दिवे आणि मोबाइलची बॅटरी मारली की ती खूण हरवते. अंडी जमिनीत, पालापाचोळ्यात असतात, त्यावरून शेकडो पाय चालत जातात. गेल्या खेपेला रस्त्यावर गाड्यांची रांग होती आणि एका कॅम्पवर स्पीकर लावलेला होता. मला रडू आलं. शनिवार-रविवार टाळा, रस्ता सोडू नका, दिवे बंद ठेवून नुसतं उभं राहा. डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो, तो द्या.

पुण्याचा

डिसेंबर. आकाश स्वच्छ, मृग नक्षत्र लख्ख, पण पहाटे दवाने तंबू आतूनही ओला. जाड अंथरूण खाली जास्त हवं, वर कमी चालतं. धबधबे नाहीत.

राजूरजवळच्या गावातला

मी इथलाच, महादेव कोळी. सगळ्यांचं वाचून बरं वाटलं. तंबूंमुळे आमच्या पोरांना घोटी-नाशिकला मजुरीला जावं लागत नाही, हे खरं आहे. दोन गोष्टी मनापासून सांगतो. काठालगत आमची भातखाचरं आहेत. आवणीला (भातलावणीला) अनवाणी चिखलात उतरतो तेव्हा बाटलीची काच पायात जाते. भावजयीचा तळवा असाच फाटला, ऐन आवणीत ती घरी बसली. काचेची बाटली आणूच नका. दुसरं, एप्रिल-मेमध्ये इथल्या वाड्यांवर बाया हंड्यासाठी लांब जातात. धरण उशाशी आणि कोरड घशाशी, ही म्हण आमच्यासाठीच झालीय. उन्हाळ्यात येताना प्यायचं पाणी सोबत घेऊन आलात तर मोठी मदत होईल.

ठाण्याचे बाबा, पुन्हा

दादा, काचेचं ध्यानात ठेवू. आई-वडील सत्तरीचे आहेत, त्यांना रतनवाडीचं अमृतेश्वराचं मंदिर दाखवायचंय. तिकडे तंबूत जमेल का?

राजूरजवळच्या गावातला

दिवाळीनंतर आणा. पावसात तिकडचा रस्ता म्हाताऱ्या माणसांना धकाधकीचा होतो. रतनवाडीत घराच्या अंगणातच तंबू लावून देतात, संडास-न्हाणी घरची वापरता येते. मंदिर चालत जाण्यासारखं आहे, कोरीव काम सकाळच्या उन्हात बघा. दोन दिवस आधी कळवा, म्हणजे नवा इंद्रायणी तांदूळ कांडून ठेवतील.