हॅलिफॅक्सला मुलीकडे जातोय, घराबाहेर काय करण्यासारखं आहे?

कातळावरचा
मी देवगडजवळचा, वय ६४. जून-जुलैत दीड महिना मुलीकडे कॅनडात हॅलिफॅक्सला जातोय. तिने यादी पाठवलीय: दोन संग्रहालयं, एक बाग, बाकी मॉल. मी रोज पहाटे कातळावर गरी टाकून बसणारा माणूस, मला मॉलमध्ये कोंडून काय उपयोग? जो तो म्हणतो रॉकीजचे डोंगर बघा, पण ते तिथून विमानाने पाच तास. सौ.चा गुडघा धरतो, सपाटीवर किलोमीटरभर चालते. तिचं म्हणणं, "दारात दर्यो आसा, तो सोडून दुसरो बघूक कॅनडाक कित्याक जावचां?" आता ह्याला उत्तर द्या.

डार्टमथचा रत्नांग्रीकर
काका, काकूंना सांगा, दर्यो उठून निघून जातो तो बघायला!
फंडीच्या उपसागरावर बर्नकोट हेड म्हणून जागा आहे, हॅलिफॅक्सहून गाडीने साधारण दीड तास. आपल्याकडे उधाणाची भरती म्हणजे अडीच-तीन मीटर. तिथे भरती-ओहोटीतला फरक १६ मीटरपर्यंत जातो, पाच मजली इमारत उभी राहील एवढा. उपसागर नरसाळ्यासारखा निमुळता, आणि त्यातलं पाणी आत-बाहेर हिंदकळायला जो वेळ घेतं तो भरतीच्या साडेबारा तासांच्या फेऱ्याशी जवळजवळ जुळतो. झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्का बसावा तसं.
ओहोटीला जिना उतरून सरळ समुद्राच्या तळावर फिरायचं. तांबडा चिखल, खडकांवर ओलं शेवाळ, आणि मधोमध डोक्यावर झाडं घेतलेला एक सुळका, भरतीत त्याचं बेट होतं. बाबांना नेलं तर पाचव्या मिनिटाला ते खाली वाकून कपारीत बोटं घालत होते, कालवं शोधत! पाणी वळलं की मात्र रेंगाळायचं नाही, तासाला माणसाच्या उंचीहून जास्त चढतं. भरतीचं वेळापत्रक बघूनच घर सोडा, आम्ही पहिल्यांदा न बघता गेलो आणि नुसतं गढूळ पाणी बघून परत आलो. काकूंना जिना नको वाटला तर वरूनही छान दिसतं. चपला जुन्या घाला, तो रंग जात नाही.

खाडीपलीकडची
मुलगा तिकडे शिकत होता तेव्हा मी दोन महिने राहून आलेय. कालवं, तिसरे दिसले म्हणून पिशवी भरू नका हो. विषारी शेवाळामुळे बरेच किनारे शिंपल्यांसाठी बंद असतात, आणि ते विष शिजवूनही जात नाही.
दुसरं, गवतात गोचीड. आपल्या गुरांना असते तीच जात नव्हे, बारीक असते, तिच्यामुळे लाइम नावाचा आजार होतो. विजार मोज्यात खोचायची आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत बघायचं. माझे यजमान हसले होते. मग त्यांच्याच पोटरीवर सापडली.

भटक्या_दापोली
पेगीज कोव्हचा दीपगृहही करा, तासाभराच्या आत पोचता. पांढऱ्या कोरड्या खडकावर बसा, काळ्या ओल्यावर पाय ठेवू नका. लाटेने लोक ओढले गेलेत तिथे.

कातळावरचा
काळ्या खडकाचं मला सांगायला नको, आमच्याकडेही तोच नियम. बर्नकोट नक्की. सौ. वाचून म्हणाली, जिना किती पायऱ्यांचा ते विचार. आणि मुद्द्याचं राहिलंच: गरी?

डार्टमथचा रत्नांग्रीकर
पायऱ्या मोजल्या नाहीत काका, पुढच्या खेपेला मोजतो. गरी खुशाल आणा, सामानाच्या बॅगेत. नदी-तळ्याला परवाना लागतो, समुद्रात मॅकरेलला नाही. किती आणि केवढे धरायचे त्याला मर्यादा आहे, ती जाण्याआधी बघू. मॅकरेल म्हणजे आपल्या बांगड्याचा चुलतभाऊच, उन्हाळ्यात धक्क्यावर ओळीने माणसं उभी असतात. फक्त तिरफळं तिकडूनच आणा, इथे मला आजवर मिळालेली नाहीत.