प्रचाराला दारात आलेल्यांना महागाईबद्दल नेमकं काय विचारायचं?

खानावळवाली_लातूर:

लातूरला ट्युशनच्या पोरांची खानावळ आहे माझी. बसून जेवणारे थोडे, डबे जास्त. शेती रेणापूर तालुक्यात, ती मालक बघतात. म्हणजे आम्ही सोयाबीन विकतो आणि सोयाबीनचंच तेल विकत आणतो. दोन्हीकडून मार खाणारं घर आहे बघा.

२०२५ च्या सप्टेंबरच्या पावसात निम्मं सोयाबीन उभ्या शेंगेत उगवलं. राहिलं ते डागी. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता हे मला कुणी सांगायची गरज नाही. पण सरकारी खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो, दाणा चोख लागतो. आमचा काळपट. मोंढ्यात नेलं, साडेतीन हजारानं पट्टी झाली, हमाली-तोलाई कापून. त्याच आठवड्यात तेलाचा १५ किलोचा डबा आणला, तो २,२०० च्या पुढं. २०२४ च्या पोळ्याला हाच डबा १,७०० च्या आसपास होता.

जेवणाच्या डब्याचा दर वाढवावा म्हणलं तर पोरांचे आईबाप फोन करतात, हिंगोलीहून, किनवटहून. "मावशी, आमच्याकडं पण सोयाबीनच आहे हो." ह्याच्यावर काय बोलणार? मग मीच हात आखडते. पोरं भाजीची तर्री बघून खानावळ ठरवतात, चव नंतर. म्हणून आता फोडणीचं लाल तेल वरचेवर काढून वाटीत ठेवते आणि वाढताना अर्धी पळी वरून सोडते. ताट तेवढंच लाल दिसतं. रविवारचं गोड बी शिऱ्यावर आलंय, तेही तूप मोजून. वर कमर्शियल टाकीवर १८ टक्के जीएसटी. घरच्या टाकीवर ५.

तर आता नगरसेवकाच्या निवडणुकीची मतं मागायला यायलेत. परवा एक उमेदवार आले, मागं उपरणंवाली पोरं. वाकून नमस्कार केला, फोटो काढला. मी तेलाचं विचारलं. "ते वरचं आहे मावशी." गॅसचं विचारलं. "ते तर दिल्लीचं." पाण्याच्या टँकरचं विचारलं. "निवडून आलो की बघू." दुसऱ्या पक्षाचे आले, ते म्हणाले हे सगळं ह्या सरकारचं पाप, आणि पत्रक ठेवून गेले. पत्रकात महागाई जागोजागी होती, तुम्ही काय करणार ते कुठंच नव्हतं.

टीव्हीवर सांगतात ऑक्टोबर २०२५ ला महागाई ०.२५ टक्क्यावर आली. आली असेल. माझ्या कढईत नाही आली.

शिव्या द्यायला जमतात मला, चांगल्या जमतात. पण शिव्या ऐकून ते हसून पुढच्या दारात जातात. असं काय विचारू की "ते वरचं आहे" म्हणून सुटता येणार नाही? जाणकारांनी सांगावं.

उदगीरकर:

लाडक्या बहिणीचे महिन्याला १५०० घेताना गोड लागले ना? मग आता भोगा. पैसे घेऊन मत द्यायचं आणि वर रडायचं.

आडत_लाईन:

ताई, मी मोंढ्यात आहे म्हणून तेलाची भानगड सांगतो. ती नीट कळली तर तुमचा उमेदवार घामाघूम होईल.

१४ सप्टेंबर २०२४ ला केंद्रानं कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क सगळं धरून ५.५ वरून २७.५ टक्के केलं, रिफाइंडवर १३.७५ वरून ३५.७५. कारण काय सांगितलं? सोयाबीन शेतकऱ्याला भाव मिळावा. आपला देश निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलकडून. त्यामुळं तेल लगेच चढलं. सोयाबीन मात्र जागचं हललं नाही. त्या हंगामात हमीभाव ४,८९२ होता आणि मोंढ्यात त्याच्या खालीच सौदे होत होते, मी स्वतः केलेत.

का? एक क्विंटल सोयाबीन गाळलं की तेल निघतं १८ किलोच्या आसपास, बाकी बहुतेक सगळी पेंड, म्हणजे तेल काढून उरलेला चोथा, जनावरा-कोंबड्यांचं खाद्य. सोयाबीनचा भाव तेलावर कमी आणि पेंडीवर जास्त चालतो. पेंडीला जगात भाव नाही, आणि इथं मक्या-तांदळाच्या इथेनॉलमधून निघणारा चोथा, डीडीजीएस म्हणतात त्याला, तो स्वस्तात कोंबडीखाद्यात जायलाय. मग कारखानदार सोयाबीनला जास्त भाव कुठून देणार? तेलाचा शुल्क गिऱ्हाइकाच्या खिशातून गेला आणि शेतकऱ्यापर्यंत आलाच नाही. मे २०२५ च्या शेवटी कच्च्या खाद्यतेलावरचा शुल्क १६.५ वर आणला. तुमचा डबा उतरला का?

आणि हे एकाच पक्षाचं, एकाच वर्षाचं नाही. २०२१ च्या पावसाळ्यात लातूरला सोयाबीन दहा हजाराच्या घरात गेलं तेव्हा लोक ट्रॅक्टरचे बयाणे द्यायलेते. कोंबडीवाल्यांनी ओरड केली, ऑगस्टात १२ लाख टन जीएम पेंड (जनुकबदल केलेल्या सोयाबीनची) बाहेरून आणायला परवानगी मिळाली आणि नवा माल यायच्या वेळेला भाव पार झोपला. आमच्यातल्या साठेबाजांचं बी त्यात उखळ पांढरं झालं, खोटं कशाला बोलू. पण परवानगीवर सही त्यांची होती.

तेव्हा "ते वरचं आहे" म्हणाले की विचारा, वर तुमच्याच पक्षाचा खासदार आहे किंवा होता, त्यानं पेंडीवर तोंड कधी उघडलं?

खानावळवाली_लातूर:

@उदगीरकर, घेतले १५००. घेणारच. माझ्याच तेलावरचा, गॅसवरचा कर आहे तो, कुणाच्या घरून आणलेला नाही. २,१०० करतो म्हणून तेच म्हणले होते २०२४ च्या निवडणुकीत, मी मागायला गेले नव्हते. आणि १५०० घेतले म्हणून तोंड शिवून बसायचं असं कुठल्या कागदावर लिहून दिलंय ते दाखवा. केवायसी करताना सगळा कागद वाचलाय मी.

@आडत_लाईन, पेंडीचं पहिल्यांदाच एवढं सरळ कुणीतरी सांगितलं. मालकांना वाचून दाखवलं. ते म्हणले, हा आडत्या असून खरं बोलायलाय. 🙏

लालपरी_रिटायर:

एसटीत वाहक होतो, बीड विभागात. मी पगाराचं सांगतो.

खासदारांचा पगार २४ मार्च २०२५ च्या अधिसूचनेनं महिना १ लाखाचा १ लाख २४ हजार झाला, आणि तोही १ एप्रिल २०२३ पासून मागं जाऊन. माजी खासदारांची पेन्शन २५ हजाराची ३१ हजार. ह्याच्यासाठी कुणी उपोषणाला बसलं नाही. २०१८ लाच कायद्यात करून ठेवलंय की दर पाच वर्षांनी महागाईच्या निर्देशांकाप्रमाणं आपोआप वाढ. मला त्यांच्या पगाराचं वाईट वाटत नाही. महागाई असते आणि तिच्यासोबत माणसाचं उत्पन्न वाढलं पाहिजे, हे त्यांना चांगलं कळतं एवढंच माझं म्हणणं.

आता आमचं बघा. ईपीएस-९५, म्हणजे पीएफवाल्या कामगारांची पेन्शन योजना, तिची किमान पेन्शन १,००० रुपये, सप्टेंबर २०१४ पासून तेवढीच. एसटीवाले, साखर कारखान्यातले, सूतगिरणीवाले सगळे ह्याच पेन्शनीत. आंदोलनं करून म्हातारे झालो, म्हणजे आधीच म्हातारे होतो. आणि वृद्धापकाळाच्या पेन्शनीत केंद्राचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसाला महिना २०० रुपये, २००७ ला जो होता तोच. निराधार योजनेचे १५०० दिसतात ते राज्यानं भर घातली म्हणून.

राज्यात माजी आमदाराला किमान ५० हजार मिळतात. एसटीचं तिकीट २५ जानेवारी २०२५ ला १४.९५ टक्क्यांनी वाढलं तेव्हा डिझेल महागलं, सुटे भाग महागले असं सांगितलं. बरोबर आहे, महागलेत. मग ते फक्त गाडीलाच महागलेत का?

तुमचा प्रश्न हाच ठेवा ताई. निर्देशांक तुमच्या पगाराला लागतो, तो आमच्या २०० रुपयाला लावा म्हणून तुमच्या पक्षानं कधी मागणी केली, तारीख सांगा.

परभणीकर_अभ्यासिका:

०.२५ टक्क्याबद्दल थोडं. तो आकडा खोटा नाही, पण तो वाढीचा वेग आहे. २०२४ च्या ऑक्टोबरपेक्षा २०२५ च्या ऑक्टोबरला दर सरासरी तेवढेच वाढले, असा अर्थ. आधी चढलेलं उतरलं असा नाही. आणि तो एवढा खाली आला कारण भाज्या, डाळी पडल्या. त्या महिन्यात अन्नधान्याची महागाई उणे ५ टक्के होती. डाळ पडली म्हणजे कुणाची पडली? २०२५-२६ ला तुरीचा हमीभाव ८,००० होता आणि बाजार त्याच्या खाली. शहरात ज्याला दिलासा म्हणतात त्याची पट्टी इकडं आपल्या बापाच्या हातात येते.

खासदारानं काय विचारलं ते बघायचं असेल तर संसदेच्या संकेतस्थळावर सदस्याच्या नावानं प्रश्न शोधता येतात, उत्तरासकट. मी आपल्या भागातल्या काहींचे काढून बघितले. रेल्वेवर भरपूर आहेत. पुढचं तुम्हीच बघा, मजा येईल.

(ताई, तुमची खानावळ नेमकी कुठं आहे? भाऊ नीटला यायचाय जूनमध्ये.)

उदगीरकर:

मी १५०० वर बोललो ते पटत नसेल तर सोडा. पण उमेदवार नगरसेवकाचा आहे, त्याला संसदेचं विचारून काय मिळणार? तो म्हणेल साहेबांना सांगतो. त्याच्या हातात टँकर, घरपट्टी, नाली एवढंच.

खानावळवाली_लातूर:

@उदगीरकर, हे मात्र बरोबर बोललात. म्हणून प्रश्नांचे दोन भाग केलेत.

काल संध्याकाळी ते पहिले उमेदवार पुन्हा आले, ह्या वेळी वहिनींना घेऊन. पोरं जेवायला बसलेली होती, मी मुद्दाम तिथंच थांबवलं. आधी त्यांच्या हातातलं विचारलं. उन्हाळ्यात टँकरचा दर कोण ठरवतं, तो फळ्यावर लिहून लावणार का, आणि खानावळीची घरपट्टी दुकानासारखी का? टँकरवर ते अडखळले, कारण टँकर कुणाचे चालतात हे गल्लीतल्या सगळ्यांना माहीत आहे. मग हळूच २०० रुपयाचं काढलं. म्हणलं, भाऊ, तुमच्या पक्षाच्या माजी खासदाराची पेन्शन ३१ हजार झाली, माझ्या सासूला केंद्राचे २०० च का? त्यांना माहीतच नव्हतं. वहिनीच म्हणल्या, "खरंच २०० च आहेत का?" त्यांनी बाजूच्या पोराला लिहून घ्यायला सांगितलं. लिहिलं का नुसतं बोट फिरवलं मोबाईलवर, देव जाणे. फोटो मात्र ह्या वेळी काढला नाही.

एक बाई मागून म्हणल्या, हिला कुणीतरी शिकवून पाठवलंय. हो, शिकवलंय. 😄

दुसरे पक्षवाले रविवारी येणार आहेत. त्यांच्यासाठी २०२१ ची पेंड ठेवायची का २००७ चे २०० रुपये, अजून ठरलं नाही. तेव्हा वर कोण होतं ते बघून ठरवते. कर्जमाफीचं ३० जून २०२६ च्या आत ठरवू म्हणून मुख्यमंत्र्यांनी सांगितलंय, ते मालक विचारणार आहेत, त्यांना तेवढंच बोलू देते.

@परभणीकर_अभ्यासिका, पत्ता मेसेज करते. भावाला सांगा तर्री बघून ठरवू नको.

आडत_लाईन:

ताई, तुमची पहिली पोस्ट आमच्या मोंढ्याच्या ग्रुपवर टाकू का?

खानावळवाली_लातूर:

टाका. फक्त तर्रीचं कापून टाका, आमची पोरं आहेत त्या ग्रुपवर कुणाकुणाची.