एकच पिस्तूल सगळ्याला पुरतं, हा सल्ला मुलींना देऊ नका

पंचवीस_मीटर (दादर)
काल एका बाबांनी विचारलं होतं: मुलगी सतरा वर्षांची, एअर पिस्तूलमध्ये स्टेट खेळली, आता २५ मीटर पिस्तूल प्रकारात जायचं म्हणते, कोणतं पिस्तूल घ्यावं? त्यावर 'जुना_जीएसपी' यांचं उत्तर: "वॉल्थर जीएसपी (.२२ चं जर्मन टार्गेट पिस्तूल) घ्या, सोबत .३२ चा, म्हणजे मोठ्या गोळीचा, संच घ्या. स्पोर्ट, स्टँडर्ड, रॅपिड फायर, सेंटर फायर, सगळं एकात होतं. दोन पिस्तुलं घेणं हा पैशाचा माज आहे." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. ती वाचून राहवलं नाही.

प्रश्न मुलीचा होता. आयएसएसएफच्या (जागतिक नेमबाजी संघटनेच्या) यादीत सेंटर फायर, म्हणजे .३२ सारख्या मोठ्या गोळीचा, हा पुरुषांचा प्रकार. ऑलिंपिकला रॅपिड फायरही पुरुषांचाच. मग .३२ ची नळी, बोल्ट आणि मॅगझीन घेऊन ही मुलगी करणार काय? तेवढ्या पैशांत तिची .२२ ची राउंडं (काडतुसं) येतील, आणि तिला गरज राउंडांची आहे.

बहुउपयोगीपणा हवाच असेल तर तो तिच्या २५ मीटर पिस्तूलच्या एका मॅचमध्येच भरपूर लागतो. पहिले तीस शॉट प्रिसिजनचे (अचूकतेचे): पाच शॉटना पाच मिनिटं, दहा गुणांचं वर्तुळ ५० मिलिमीटर. पुढचे तीस रॅपिडचे: हात ४५ अंशांवर खाली, तीन सेकंदांत उचलून एक शॉट, सात सेकंद थांबायचं, पुन्हा. तिथे दहाचं वर्तुळ १०० मिलिमीटर, पण वेळ नाही. एका पिस्तुलाला हे दोन्ही स्वभाव सांभाळता आले पाहिजेत. प्रिसिजनला ट्रिगर मध्ये न अडकता स्वच्छ सुटायला हवा. रॅपिडला हात वर येतो तेव्हा पुढची साईट (नेम धरायची खूण) मागच्या खाचेत आपोआप बसलेली हवी, शोधावी लागता कामा नये. हे कॅलिबर (गोळीची जाडी) बदलून मिळत नाही. ते मिळतं ग्रिपमधून (मुठीतून), वजन कुठे आहे त्यातून आणि ट्रिगरमधून.

शिवाय एअर पिस्तूलचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा, इथे १००० ग्रॅम. दुप्पट. मुली इथेच अडकतात आणि दोष साईटला देतात.

जुना_जीएसपी (मुलुंड)
ताई, लांबलचक लिहिलंत, पण जीएसपी वाईट का, ते कुठेच नाही. मॅगझीन ट्रिगरच्या पुढे, नळी हाताच्या अगदी जवळ, त्यामुळे उसळी कमी. ट्रिगरचा अख्खा संच बाहेर निघतो, साफ करून परत बसवा. साठच्या दशकातली रचना आहे आणि अजून माणसं तिच्यावर मेडल घेतात. मी सेंटर फायरही याच्यावर खेळलो, स्टँडर्डही. स्टँडर्डमध्ये पाच शॉटना १५० सेकंद, २० सेकंद, १० सेकंद, तिन्हीला तीच ग्रिप आणि तोच हात. पिस्तूल बदललं की हाताची सवय मोडते. पार्दिनी (इटालियन पिस्तूल) घेणारे दर दोन वर्षांनी नवीन मॉडेल बघतात आणि स्कोअर तिथेच.

आणि सेंटर फायरला कमी लेखू नका. २००६ ला दोह्याच्या एशियाडमध्ये जसपाल राणांनी ६०० पैकी ५९० मारून जागतिक विक्रमाची बरोबरी केली, ती सेंटर फायरमध्येच.

पंचवीस_मीटर
दादा, जसपाल सरांचा ५९० मलाही पाठ आहे. म्हणून मुलीने .३२ घ्यायचं? २०१८ च्या एशियाडमध्ये पालेम्बांगला आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने सुवर्ण जिंकलं ते २५ मीटर पिस्तूलमध्ये, .२२ वर. त्या मुलीला हा रस्ता दाखवा ना.

डावखुरा_विक्रोळी
आमचा विचार कोणी करणार आहे का? सेकंडहँडमध्ये डाव्या हाताची ग्रिप मिळतच नाही. मित्राच्या उजव्या पिस्तुलावर पहिली स्टेट खेळलो, पाम शेल्फ (तळहाताखालचा टेकू) उलट्या बाजूला. इथे बहुउपयोगी पिस्तुलावर भांडताय.

ठाणे_सेकंड_इनिंग
दोन पिस्तुलं माज नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरच्या पिस्तुलाचा लिव्हर ऐन क्वालिफिकेशनमध्ये मोडला, दुरुस्तीत वेळ गेला, फायनल हुकली. तेही एअर पिस्तूल. .२२ तर जॅम होणारच. नियमात तीस शॉटच्या टप्प्याला एकच जॅम माफ आहे, दुसऱ्या वेळी न सुटलेल्या शॉटना शून्य.

जुना_जीएसपी
मॅगझीनच्या ओठांना (वरच्या कडांना) हात लावू नका आणि राउंडांचा लॉट तपासून घ्या, जॅम होत नाही. आमच्या वेळी स्पेअर पिस्तूल कोणाकडे होतं? हल्ली पालक शॉट मारायच्या आधी पावती फाडतात.

बोरिवली_३२
जॅमचं सोडा, मुंबईत खरा शत्रू गंज आहे. वरळीच्या रेंजवर समुद्राची हवा, घरी पावसाची दमट. अक्रोडाची ग्रिपसुद्धा फुगते. आणि घरी कितीही सिलिका जेल ठेवलं तरी निवडणूक आली की शस्त्र पोलिसांकडे जमा करा! २०२४ ला आधी लोकसभा, मग विधानसभा. वर्षात दोनदा. जूनमध्ये परत मिळालं तेव्हा नळीच्या तोंडाशी लाल डाग. पोलीस ठाण्याचं नाव घेत नाही. मग कोणतं पिस्तूल घ्यायचं याला काय अर्थ राहतो?

ठाणे_सेकंड_इनिंग
नेमबाजांना सूट आहे. निवडणूक आयोगाच्या सूचनेत राष्ट्रीय रायफल असोसिएशनच्या सदस्य खेळाडूंचा उल्लेख आहे. मुंबई उच्च न्यायालयानेही २००९ ला सांगितलं की सरसकट जमा करून घेऊ नका, छाननी करा. तुम्ही अर्जच दिला नसणार.

बोरिवली_३२
अर्ज दिला होता, पोच आहे माझ्याकडे. टेबलावरचा माणूस म्हणाला, "साहेब नाहीत, आधी जमा करा, मग बघू." तुम्ही कधी त्या बाकड्यावर बसलायत का? घरी बसून नियम सांगणं सोपं आहे.

ठाणे_सेकंड_इनिंग
बसलोय. असोसिएशनचं पत्र, स्पर्धेचं वेळापत्रक आणि स्कोअरशीट जोडून आचारसंहिता लागायच्या आधी गेलो. पिस्तूल घरीच राहिलं. ओरडून नाही झालं ते.

वांद्रे_पूर्व
सगळ्यांकडे ओळखी नसतात साहेब. माझ्या भावाचं जमा झालं आणि त्यानंतर पंधरवड्यात स्पर्धा होती. तो रडला.

ठाणे_सेकंड_इनिंग
ओळख नव्हती म्हणून तर कागद नेले! पण हो, आधी लढायला लागू नये, हे तुमचं खरं. खेळाडूने रेंजवर असावं, पोलीस ठाण्यात नव्हे.

पंचवीस_मीटर
हा विषय मोठा आहे, वेगळा धागा काढा, मीही लिहीन. पण त्यातून एक गोष्ट इथे लागू होते. २०१९ च्या शस्त्र कायद्यातल्या दुरुस्तीनंतर साध्या परवान्यावर दोनच शस्त्रं. नेमबाजांना जादा सवलत आहे, पण ती दर्जाप्रमाणे. नवीन मुलीने पहिली जागा विचार करूनच भरावी.

मुलीचे_बाबा
मी विचारलं काय आणि चाललंय काय. दादा, ताई, कृपया एक सांगा. ओळखीत एक जुनं जीएसपी आहे, फक्त .२२, दर परवडतो. नवीन पार्दिनी सध्या झेपणार नाही.

जुना_जीएसपी
घ्या. मुलीसाठी .३२ नको, एवढं ताईंचं मान्य. बाकी जीएसपीबद्दल एक शब्द मागे घेणार नाही.

पंचवीस_मीटर
मागे घ्या असं कुठे म्हटलं? आक्षेप .३२ वर आणि 'माज' या शब्दावर होता.

बाबा, पैसे द्यायच्या आधी परवान्याची वाट काय आहे ते असोसिएशनमध्ये विचारून घ्या. पिस्तूल बघायला मुलीला न्या, तुम्ही एकटे जाऊ नका. तिने पकडून डोळे मिटायचे, हात उचलायचा, डोळे उघडायचे. साईट दरवेळी एकाच बाजूला गेलेली दिसली तर ग्रिप तिच्या हाताची नाही. थोडं घासून किंवा पुट्टी लावून जमतं, फार असेल तर नवी ग्रिप धरून हिशोब करा. ट्रिगरला एक किलोचं वजन लावून पिस्तूल उभं उचला, ट्रिगर सुटला तर स्पर्धेआधीच्या इक्विपमेंट कंट्रोलला (साहित्य तपासणीला) अडकेल. ३०० × १५० × ५० मिलिमीटरच्या पेटीत ग्रिपसकट बसतं का बघा, जुन्या घरगुती ग्रिप बाहेर येतात. चेंबरमध्ये टॉर्च मारा, गंजाचे खड्डे दिसले तर सोडून द्या. दोन मॅगझीन मागा. फायरिंग पिन आणि स्प्रिंग कुठून मिळतील, ते विकणाऱ्यालाच विचारा.

जुना_जीएसपी
रिकॉइल स्प्रिंगही बघा. ताई विसरल्या.