परक्या शहरातली मेट्रो, बस, लोकल : सुरक्षित प्रवासाचे तुमचे अनुभव

आई-बाबा पहिल्यांदाच दोघंच परदेशात फिरायला निघालेत. रोज टॅक्सी परवडणार नाही आणि मेट्रोची त्यांना धास्ती वाटते. 'जपून जा' एवढंच सांगून माझं समाधान होत नाही. जपायचं म्हणजे नेमकं कधी आणि कुठे? पाहुणे म्हणून मोठ्या शहरांत फिरताना तुम्ही जे पाहिलंत, जे उपयोगी पडलं, ते लिहा. शहर कुठलंही चालेल.

भटकभवानी : माझ्या मते सगळ्यात जपायची जागा म्हणजे दार. पॅरिसला लाइन १ वर डोळ्यांदेखत पाहिलं. दाराला टेकून एक मुलगा फोनवर नकाशा बघत होता. दारं मिटण्याचा भोंगा वाजला, शेजारच्याने फोन हिसकला आणि फलाटावर उडी घेतली. दार बंद, गाडी सुटली. मुलगा आत, फोन बाहेर. ओरडायलाही कुणाला सुचलं नाही.

लूव्र संग्रहालय, शाँझेलिझे हा प्रसिद्ध रस्ता, ही पर्यटकांची ठिकाणं त्याच मार्गावर, त्यामुळे तिथे प्रवासी कायम बॅगा सांभाळत असतात. चढताना पुढचा अचानक थबकतो, मागचा रेटतो, आणि त्या चेंगराचेंगरीत हात खिशात जातो. असं झालं की आम्ही सरळ बाजूला व्हायचो. दुसरी गाडी थोड्या वेळात येतेच. 'खिसेकापूंपासून सावध' ही सूचना कानावर पडली की लोक आपोआप पाकीट चाचपतात. ते कटाक्षाने टाळा, बघणाऱ्याला जागा कळते. पासपोर्ट कपड्यांच्या आतल्या पाऊचमध्ये, दिवसभराचे पैसे वेगळे. नकाशा बघायचा तर फलाटावर भिंतीला पाठ लावून.

रातराणी : रात्रीचं लिहिते. न्यूयॉर्कच्या सबवेत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, गार्ड गाडीच्या मध्यावर असतो. फलाटावर मधोमध काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची फळी टांगलेली असते, त्याची केबिन तिच्यासमोर थांबते. कामावरून उशीर झाला की मी तिथेच उभी राहायचे आणि त्याच्या लगतच्या डब्यात बसायचे. बाकी गाडी भरलेली आणि एकच डबा रिकामा दिसला, तर मोह नको. एसी बंद असेल, घाण असेल, किंवा आत कुणी त्रास देणारं असेल. इतरांना ते आधीच कळलेलं असतं.

टोकियोत सकाळच्या गर्दीत बऱ्याच मार्गांवर बायकांसाठी राखीव डबा असतो, फलाटावर गुलाबी खुणा असतात. कुणी अंगचटीला येत असेल तर भाषेची वाट बघू नका. मराठीत ओरडलं तरी माना वळतात, आणि तेवढं बहुतेकदा पुरतं.

दोनपिल्ली : लहान मुलं बरोबर असतील तर नियम आधी घोकून घ्या. तू गाडीत गेलास आणि आम्ही मागे राहिलो, तर पुढच्या स्टेशनवर उतरून तिथेच थांब. आम्ही गेलो आणि तू राहिलास, तर जागचा हलू नकोस. आम्ही रोज निघताना मुलांकडून वदवून घ्यायचो.

रूळमित्र : रुळांवर फोन, चष्मा, काहीही पडलं तरी खाली उतरायचं नाही. अनेक भुयारी मेट्रोंत वीज डोक्यावरच्या तारेत नसते, रुळाशेजारच्या तिसऱ्या रुळात असते. न्यूयॉर्कमध्ये ती ६०० व्होल्टच्या पुढे आहे. कर्मचाऱ्यांना सांगा, ते काढून देतात. वस्तू मिळायला वेळ लागेल, तर लागू दे.

प्रवासी पक्षी : बर्लिनला स्टेशनात शिरताना तिकीट तपासणारी फाटकंच नाहीत, म्हणून कुणी विचारणार नाही असं समजू नका. तपासनीस साध्या कपड्यांत येतात. कागदी तिकिटावर फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यावा लागतो. कुणी दंड मागितला तर आधी ओळखपत्र बघा आणि पावतीशिवाय रोख देऊ नका. युरोपीय संघात कुठेही अडचणीला ११२, फुकट लागतो. ब्रिटनमध्ये तातडीला ९९९, आणि गाडीत फोनवर बोलणं शक्य नसेल तर रेल्वे पोलिसांना ६१०१६ वर मेसेज करता येतो.

धागाकर्ती : सगळ्यांचे मनापासून आभार, हे छापूनच देते त्यांना. एक राहिलं. बाबांना ऐकायला कमी येतं. भोंगा, सूचना, काहीच कळणार नाही. कुणी अशांबरोबर फिरलंय का?

रूळमित्र : ताई, माझे वडील तसेच. लंडनला मी त्यांना उतरायच्या स्टेशनबरोबर त्याच्या आधीच्या दोन स्टेशनांची नावंही मोठ्या अक्षरांत लिहून द्यायचो, म्हणजे पाटी बघून ते वेळेत उठायचे. बसमध्ये चालकाजवळची जागा घ्यायची. आणि भोंगा ऐकू येत नसेल तर उघडं दार दिसलं म्हणून धावत जाऊन चढायचंच नाही. फलाटावर असताना गाडी थांबताना दिसली, तरच ती आपली. काकांशी हे घरून निघायच्या आधीच ठरवून टाका, काकूंनाही सांगा.