कोथरूडच्या आसपास भाऊ, बहीण आणि आजीसाठी १२ हजारांत घर मिळेल का?

उदगीरचा
नमस्कार. बहिणीला गरवारे कॉलेजात बी.एस्सी.ला प्रवेश मिळालाय, माझी एमपीएससीची तयारी चालू आहे. स्वयंपाकाला आजी सोबत येणार. तिचं वय ७१, गुडघे धरलेत. वडील एसटीत कंडक्टर, त्यामुळे भाड्याला १२ हजारांच्या वर जाता येत नाही. तीन दिवस कोथरूड-कर्वेनगर फिरायलोय. वन बीएचकेला १६ च्या खाली कुणी बोलत नाही. सदाशिव पेठेत मला कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीत एका खाटेपुरती, जागा मिळते, पण मग या दोघींचं काय? दोन मालकांनी 'फॅमिलीच पाहिजे' म्हणून परत पाठवलं. आम्ही फॅमिली नाही का? एक एजंट फक्त फोटो पाठवून ५ हजार टोकन मागतोय, तेही आजच्या आज. देऊ का?

नळस्टॉप
अजिबात नको. खोली बघितल्याशिवाय आणि मालकाला भेटल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

हिंगोलीची ताई
दादा, मी, धाकटा भाऊ आणि आई २०११ च्या जूनमध्ये असेच पुण्यात आलो होतो. तुझा प्रश्न वाचून पोटात कालवलं.

सोसायट्यांचा नाद सोड. आमच्या वेळी मेट्रो नव्हती. २०२२ पासून वनाज ते गरवारे थेट मेट्रो आहे, मध्ये आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळस्टॉप एवढीच स्टेशनं. म्हणजे बहीण वनाजपासून चालत येण्याजोग्या कुठल्याही गल्लीत राहू शकते. पौड रोडच्या शास्त्रीनगर, किष्किंधानगर बाजूला बैठी घरं बघ, मालक शेजारीच राहतो अशी. नाहीतर वारजे माळवाडी, तिथून कर्वे रोडने बस आहे. या खोल्या ऑनलाइन दिसत नाहीत. किराणावाला, इस्त्रीवाला यांना विचारायचं. आम्हाला आमची खोली पिठाच्या गिरणीतल्या मावशींनी सांगितली होती.

आणि आजीला सोबत घेऊन जा! आईला ओट्यावर बसलेली बघून आमच्या मालकीणबाईंनी आधी पाणी दिलं, भाड्याचं नंतर काढलं. एकट्या पोराला नाही म्हणणारे आजीला सहसा नाही म्हणत नाहीत. तळमजलाच घे. आम्ही दुसऱ्या मजल्यावर होतो, पाणी पहाटे साडेपाचला तासभर, तेही खालच्या नळाला. आईने चार वर्षं हंडे चढवले. ते मला अजून सलतं. म्हणून खोली दुपारी बघून ठरवू नकोस, पाण्याच्या वेळेला जा. विजेचं सबमीटर असेल तर युनिटला काय दर लावतात तेही विचार.

दुसरी चूक म्हणजे आम्ही कागद केला नाही. सोडताना 'रंगकामाचे' म्हणून सगळं डिपॉझिट गेलं. तू ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचा करार, नोंदवूनच घे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. ११ हजार भाडं आणि ३० हजार डिपॉझिट धरलं तर मुद्रांक शुल्क साधारण ३१० रुपये, नोंदणी फी १ हजार. नोंदणीसाठी अंगठ्याचे ठसे घेणारा थम्ब मशीनवाला घरी येतो, त्याचे पैसे वेगळे. डिपॉझिटमधून काय कापणार आणि किती दिवसांत परत देणार, हे करारात लिहून घे.

वारज्याचे काका
मी स्वतः दोन खोल्या भाड्याने देतो. ताई बरोबर सांगतात. मालकाला धास्ती असते ती पोरं रोज नवीन मित्र आणतील याची. पहिल्याच भेटीत तिघांची आधार कार्डं, कॉलेजची फी पावती आणि वडिलांचा फोन नंबर पुढे ठेव. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यावी लागते, त्याला कधी नकार देऊ नकोस. आणि भाडं महिन्याच्या ५ तारखेच्या आत देईन असं आधीच सांग. मी त्यावर पाचशे रुपये सोडलेत.

उदगीरचा
टोकन दिलं नाही. काल आजी रेल्वेने आली. शास्त्रीनगरमध्ये तळमजल्यावर दोन खोल्या बघितल्या, साडेअकरा सांगतायत. आजी त्या घरच्या काकूंशी तासभर लोणच्यावर बोलत बसली. पाणी सकाळी सहाला येतं म्हणाले. ताई, उद्या पावणेसहाला आम्ही दोघं तिथे उभे असू, बहीण कागदपत्रांच्या झेरॉक्स काढून ठेवतेय.